धूर नसलेलं स्वयंपाकघर

“मॅडम, पण आमच्या घरी धूर होतच नाही. गॅस आहे.”

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी हे बोलली तेव्हा मी फळ्यावर डोंगर काढून त्याच्या माथ्यावर धुराची वेटोळी काढत होते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माडीवर एक लांबट खोली आहे. दर रविवारी दुपारी चार ते सहा आम्ही तिथं जमतो. कुणी बीए करतंय, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे, एक जण दिवसभर मोबाइलच्या दुकानात असतो आणि रविवारी इकडे येतो. समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांतल्या मूळ कल्पना पहिल्यापासून समजून घ्यायच्या, एवढंच आमचं ठरलेलं आहे. परीक्षा नाही, हजेरी नाही.

त्या दिवशी अनुमान चाललं होतं. न्यायदर्शनातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, नेहमीचा दाखला: डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथं धूर दिसतो, जिथं जिथं धूर असतो तिथं तिथं अग्नी असतो, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, अशी अनुमानाची पाच अंगं. संस्कृत ग्रंथांत त्या स्वयंपाकघराला ‘महानस’ म्हणतात. शेकडो वर्षं गुरूंनी शिष्यांना हेच स्वयंपाकघर दाखवलं. मीही कॉलेजात इतकी वर्षं तेच दाखवत आले होते आणि कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

तिच्या हरकतीनं अनुमान मोडत नाही. धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर मात्र ओळखता येत नाही. जुन्या नैयायिकांनीही हे पाहिलं होतं. त्यांचं उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं इंधन लागतं, आणि या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असं नाव दिलं. म्हणजे गॅसच्या शेगडीकडे बघून ही मुलगी नेमकी तिथं पोचली होती जिथं पोचायला शास्त्र्यांना लोखंडाचा गोळा लागला. मी तिला तसं सांगितलं. तिनं वहीत ‘ओलं इंधन’ असं लिहून त्याभोवती चौकट केली.

घरी आल्यावर मात्र वेगळंच काही मनात घोळत राहिलं. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात गौतमांनी दृष्टान्ताची व्याख्या दिली आहे: ‘लौकिकपरीक्षकाणां यस्मिन्नर्थे बुद्धिसाम्यं स दृष्टान्तः।’ लौकिक म्हणजे साधा माणूस, परीक्षक म्हणजे शास्त्र जाणणारा. ज्या गोष्टीविषयी या दोघांची बुद्धी सारखी चालते, ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त. हे सूत्र मी किती वेळा शिकवलं असेल! पण उदाहरण म्हणजे समजायला सोपं जावं म्हणून वर पेरलेली साखर, असंच मी धरून चालले होते. सूत्र तसं म्हणत नाही. जाणकार आणि नवखा एका पातळीवर उभे राहतात अशी जागा शोधा, असं ते सांगतं. तिथं जाणकाराचा अधिकार चालत नाही, कारण नवख्यालाही ती गोष्ट तितकीच ठाऊक असते. आमच्या वर्गात महानस ही अशी जागा राहिलेली नव्हती. चुलीचा धूर डोळ्यांत गेलेली त्या खोलीत बहुधा मी एकटीच होते.

मी पूर्वी कसं शिकवायचे ते सांगायला हवं. व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष. संकल्पना कोणतीही असो, साचा हाच. आधी ‘समाजशास्त्राचा जनक’ कोण, त्याचा जन्म कुठला, मग त्यानं केलेली व्याख्या. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत जशीच्या तशी लिहायची आणि मे महिन्यात विसरायची. ती विसरायची यात त्यांचा दोष नव्हता. कोणताही प्रश्न पडलेला नसताना मी त्यांच्या हाती उत्तर देत होते. ज्या अडचणीतून संकल्पना जन्मली ती अडचण मी कधी वर्गात आणलीच नाही. आज याचं वाईट वाटतं. त्यातल्या काही मुलांची आता मुलं माझ्या या रविवारी येतात.

तर, दृष्टान्त नव्यानं शोधायचे असं ठरवलं.

पहिला सापडला तो दारातच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमची ‘सामाजिक तथ्य’ ही कल्पना घ्यायची होती. १८९५ साली ‘समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम’ या पुस्तकात त्यानं ती मांडली. वागण्याच्या, विचार करण्याच्या, वाटण्याच्या काही रीती आपल्या बाहेर असतात, आपण जन्मायच्या आधीपासून असतात, आणि आपल्यावर त्यांचा दाब असतो, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य कितीही वेळा वाचा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. मी विचारलं, “घरातून निघताना तुम्ही काय म्हणता?” सगळे म्हणाले, “येतो.” “येते.” “मग या आठवड्यात एकदा ‘जातो’ म्हणून निघा.”

पुढच्या रविवारी प्रयोग केलेले तिघंच होते. मोबाइलच्या दुकानातल्या मुलाला आजीनं उंबऱ्यावरून माघारी बोलावलं, खाली बसवलं, पाणी प्यायला लावलं, ‘येतो’ म्हणायला लावलं आणि मगच सोडलं. दुसऱ्या एकीची आई दिवसभर तिच्याशी बोलली नाही. बाकीच्यांना धीरच झाला नाही. त्यातला एक म्हणाला, “मी शकुन-अपशकुन मानत नाही, मॅडम. पण तोंडातून शब्द बाहेर पडेना.”

दुर्खीमला हाच ‘पडेना’ दाखवायचा होता. ‘जातो’ म्हणू नये असं कोणत्या कायद्यात लिहिलेलं आहे? शिक्षा करणारा कोण? तरी शिक्षा होते. आणि नियमावर ज्याचा विश्वास नाही त्याचीही जीभ तो नियम धरून ठेवतो. म्हणून ही गोष्ट त्या मुलाच्या मनाचा अभ्यास करून सुटणार नाही, ती त्याच्या एकट्याच्या मनात राहतच नाही. त्या दिवशी ‘बाह्यता’ आणि ‘दाब’ हे शब्द मी फळ्यावर लिहिले ते शेवटी, आणि लिहिताना कुणी ‘म्हणजे काय’ असं विचारलं नाही.

यानंतर आली आहेराची वही. तिनं आमचे चार रविवार घेतले आणि अजून ती संपलेली नाही.

दुर्खीमचा भाचा मार्सेल मोस. १९२५ साली भेट-दानावरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडचे माओरी, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे लोक, मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनं अभ्यासलेली ट्रोब्रियांड बेटं, अशी सगळी दुनिया त्यानं त्यात गोळा केली आणि एक प्रश्न विचारला: मिळालेली भेट परत करायला माणसाला भाग पाडणारं असं त्या भेटीत असतं तरी काय? वरून भेट खुशीची दिसते, पण आत तीन बंधनं असतात. द्यायला हवं, घ्यायला हवं, आणि फिरून द्यायला हवं.

मी काही बोलायच्या आधीच एका मुलीनं विचारलं, “म्हणजे डब्यासारखं?” शेजारणीनं डब्यातून काही पाठवलं तर डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. मग एकेक जण बोलायला लागला. लग्नात आहेर मांडून घेणारा माणूस वेगळा बसतो, वही वेगळी असते, आणि ती वही वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवतात. पलीकडच्या घरात लग्न निघालं की ती बाहेर येते. त्यांनी आपल्याकडे किती केलं होतं? तेवढं, किंवा थोडं वर. त्याहून कमी केलं तर राग, फारच जास्त केलं तर समोरच्याला संकोच. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी पाकीट खिशात असतंच. एकानं आईला विचारून आणलं होतं की पाचशे न देता पाचशे एक का देतात. आई म्हणाली, वरचा रुपया पुढच्यासाठी, व्यवहार तिथंच मिटू नये म्हणून. मोसला हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर किती आनंद झाला असता!

एका मुलानं विचारलं, “म्हणजे सगळं ढोंगच की? प्रेमानं कुणी देतच नाही?” मला वाटतं, नवख्याला इथं सांभाळून न्यावं लागतं. संकल्पना हाती आली की पहिल्या उत्साहात माणूस तिनं सगळ्या गोष्टींचे मुखवटे फाडायला निघतो. मोसचं म्हणणं तसं नव्हतं. वही आहे म्हणून माया खोटी ठरत नाही. मायेला चालायला वाट लागते, ती वाट या देण्याघेण्यानं बनते. बाजारात पैसे दिले, वस्तू घेतली की दुकानदाराशी संबंध संपला तरी चालतो. डबा मात्र संबंध संपू देत नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्यावर सगळे सरसावून बसले. मोसनं आपल्या महाभारताचाही आधार घेतला आहे. अनुशासनपर्वात दानधर्माचा मोठा भाग आहे. त्यात भूमी स्वतः बोलते: मला घे, मला दे, मला देऊन तू मला पुन्हा मिळवशील. पॅरिसमधल्या एका माणसाला माओरींच्या भेटवस्तू समजून घेताना ही बोलणारी जमीन आठवली. ही भूमी पुढे पुन्हा येणार आहे.

मध्येच शब्दांविषयी थोडं लिहिते, कारण आमचा निम्मा वेळ त्यांत जातो. मराठीत परिभाषा नाही ही तक्रार खरी नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला तेव्हा परिभाषेसाठी एक अख्खा खंड वेगळा राखला. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोश झाला. त्या माणसांनी एकेका शब्दासाठी केवढी खटपट केली असेल, हे मनात आलं की हात जोडावेसे वाटतात. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे शब्द रिकामे येत नाहीत, त्यांत आधीचं राहणारं कुणीतरी असतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या एका संकल्पनेला आपण ‘आदर्श प्रारूप’ म्हणतो. मुलं ‘आदर्श’ ऐकतात आणि आदर्श गाव, आदर्श शिक्षक यांच्या रांगेत ते ठेवतात. मग नोकरशाहीचं आदर्श प्रारूप म्हणजे नमुनेदार, उत्तम कचेरी असं उत्तर येतं. वेबरला चांगलं-वाईट म्हणायचंच नव्हतं. मोजमापासाठी मुद्दाम रेखीव केलेलं चित्र एवढाच त्याचा अर्थ. ‘आस्तिक’ची तीच गत. दर्शनांच्या वाटणीत आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा. म्हणून वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे, पण जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे मीमांसकही आस्तिकांत बसतात. हे सांगितल्यावर वर्गात दहा मिनिटं गलका झाला. असा गलका मला हवा असतो. कळलं नाही म्हणून गप्प बसलेला वर्ग आणि कळल्यामुळे गोंधळलेला वर्ग यांत फार अंतर आहे.

सगळ्यांत अवघड शब्द मात्र या शास्त्राच्या नावातच बसलेला आहे. समाज. एके दिवशी मी फक्त तो फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करावं असं सांगितलं. समाजाचं मंगल कार्यालय. समाजाचा वधूवर मेळावा. आमच्या समाजात असं चालत नाही. समाजभूषण पुरस्कार. ‘मुलगी कुठल्या समाजाची?’ वीसेक वाक्यांत समाज म्हणजे सगळी माणसं असा अर्थ असणारी दोनतीनच निघाली. बाकी सगळीकडे समाज म्हणजे जात. कुणी मुद्दाम तसं लिहिलं नव्हतं, रोजची भाषाच तशी आहे. फळ्याकडे बघत आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

तिथून पुढचं पाऊल एकच होतं. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा परिसंवाद, आणि पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो आहे. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आमच्या मुलांना बाबासाहेब ठाऊक आहेत ते घटनेमुळे, चवदार तळ्यामुळे, दीक्षाभूमीमुळे, आणि कुणाकुणाला घरातल्या तसबिरीमुळे. आपल्यापेक्षा दोनचार वर्षांनीच मोठा असलेला एक विद्यार्थी वर्गात उभा राहून संकल्पना घडवतो आहे, हे चित्र त्यांच्यासमोर कुणी ठेवलंच नव्हतं.

तो काय करतो? त्याच्या आधीच्यांनी जातीची बरीच लक्षणं सांगितलेली होती. तो त्यांची छाननी करतो आणि एक गाभा काढून समोर ठेवतो: जातीबाहेर लग्न न करणं. बाकीची लक्षणं यातून निघतात. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. मग तो एक कोरडा, जवळजवळ गणिती प्रश्न विचारतो. गटाबाहेर लग्न करायचं नाही असं ठरवलं तर गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येनं लागतात. नवरा आधी मेला तर एक स्त्री जादा होते, बायको आधी मेली तर एक पुरुष जादा होतो. या जादा माणसांचं करायचं काय? सती, सक्तीचं वैधव्य, आणि विधुरासाठी अजून लग्नाच्या वयातही न आलेली मुलगी. ज्या रूढींचं पुढे कौतुक गायलं गेलं त्यांचा उगम तो या हिशेबात दाखवतो. मग जात पसरली कशी? वरच्यांचं अनुकरण करून, असं तो म्हणतो, आणि त्यासाठी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचे अनुकरणाचे नियम लावतो. त्यातलं एक वाक्य मी मराठीत सांगितलं: काहींनी दार लावून घेतलं, इतरांना ते आपल्यावर लावलेलं आढळलं.

वर्गात कुणी हललं नाही. आमच्या खोलीत दाराच्या दोन्ही बाजूंची मुलं बसतात.

त्या आठवड्यात सगळ्यांनी वर्तमानपत्रांतली वधूवर जाहिरातींची पानं आणली. कात्री, डिंक, मोठे कागद. पानाची मांडणीच जातवार होती, त्यामुळे वर्गीकरणाचं काम आधीच झालेलं होतं. ‘जातीचं बंधन नाही’ असं लिहून पुढे अपवाद नोंदवलेली एक जाहिरात निघाली. ती कापून चिकटवताना एका मुलाचे हात थरथरत होते. मी ते पाहिलं, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मॅडम, या बाईंना माहीतही नसेल की त्या दार लावतायत.” शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो निबंध त्याला माझ्याहून जास्त कळला होता.

मे महिन्यात आम्ही न्यायाच्या कल्पनेकडे आलो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, त्याचं १९७१ सालचं पुस्तक. समाजाचे नियम ठरवायला माणसं बसली आहेत, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे अज्ञानाचा पडदा आहे. आपण गरीब असू की श्रीमंत, धडधाकट की आजारी, काहीच माहीत नाही. अशा अवस्थेत माणसं जे नियम मान्य करतील ते न्याय्य. रॉल्सनं त्याच पुस्तकात केकचा साधा दाखला दिला आहे: कापणाऱ्यानं स्वतःचा तुकडा शेवटी घ्यायचा.

केक म्हटल्यावर मोबाइलच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “आमच्या जमिनीची वाटणी अशीच झाली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा.” काळी जमीन, मुरमाड तुकडा, विहिरीतला हिस्सा, बांधावरचे आंबे, सगळं त्याच्या मोठ्या चुलत्यानं इतकं मापून लावलं होतं की धाकट्याला उचलताना बोट कुठं ठेवावं ते सुचेना. तो अभिमानानं सांगत होता, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. गौतमांच्या सूत्रातली जागा अशी अचानक सापडते. रॉल्स आणि हा मुलगा एकाच बांधावर उभे होते.

“आणि आत्या?” गॅसवाल्या मुलीनं विचारलं.

“दोघी आहेत. त्यांनी हक्कसोड दिली.”

“म्हणजे वाटे पाडताना त्या नव्हत्याच.”

तो गप्प झाला. मी सांगितलं की रॉल्सच्या पडद्यामागे बसलेली माणसं ही कुटुंबप्रमुख आहेत असं त्यानं धरलं होतं, आणि सुझन ओकिन या विदुषीनं १९८९ साली नेमकं यावर बोट ठेवलं: कुटुंबाच्या आत न्याय आहे की नाही हे मग विचारणार कोण? आपण भाऊ म्हणून जन्मू की बहीण, हेही पडद्याआड असायला हवं. मुलीनं विचारलेला प्रश्न पुस्तकात आहे हे ऐकून तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. कायद्याचंही बोललो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि संसदेनं २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. तरी तलाठ्याकडे हक्कसोडीचे कागद येतच राहतात.

पुढच्या रविवारी तो हक्कसोडपत्राचा फोटो मोबाइलवर घेऊन आला. वडिलांकडे मागितलं तर त्यांनी ‘कशाला हवंय’ म्हणून विचारलं, पण दिलं. आम्ही ते टेबलावर ठेवून वाचलं. गट नंबर, चतुःसीमा, आणि मग ते वाक्य: राजीखुशीने व विनामोबदला. खाली एका आत्याची सही, दुसरीचा अंगठा.

“भाऊबीजेला आत्या येतात?” मुलीनं विचारलं.

“दरवर्षी. साडी असते. उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवतो. दिवाळीला चार दिवस राहतात.”

“आणि हक्कसोड दिली नसती तर?”

तो बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. दोन बोटांनी त्यानं अंगठ्याची खूण मोठी केली, परत लहान केली. मुलीनं वही काढली. आहेराच्या वहीवर आम्ही बोललो होतो ते पान उघडलं आणि त्याखाली ‘विनामोबदला’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. कुणीतरी बोलणाऱ्या जमिनीची आठवण काढली. देऊन पुन्हा मिळवशील, असं ती कुणाला म्हणाली होती? देणाऱ्याला की घेणाऱ्याला? मी भूमीचा तो श्लोक पुन्हा सांगितला.

सहाला ग्रंथपाल किल्ल्या घेऊन वर आले आणि आमचं चाललेलं पाहून मागच्या खुर्चीवर बसले. त्यांनाही दोन बहिणी आहेत, असं ते थोड्या वेळानं म्हणाले.